मेहुण्याचा हात, नवऱ्याचं डोकं

एडवणच्या त्या लग्नात पहिला दात पडला तो बँडवाल्याचा. त्याचा भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. बिचारा मांडवाच्या खांबाला टेकून ट्रम्पेटमधली थुंकी झटकत उभा होता, आणि नवरदेवाच्या मामाने नवरीच्या बापाला हाणायला उचललेला पाट वाटेत त्याच्या तोंडावर बसला. दात उडून मठ्ठ्याच्या पिंपात गेला. मठ्ठा तरीही संपला, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर दोन नाकं फुटली, एक मनगट मोडलं, चौरंगाचे पाय निघाले, आणि मंडपवाल्याच्या खुर्च्यांचं तर बोलायलाच नको. या सगळ्याला कारण नवरदेवाचे केस. म्हणजे जे नव्हते ते.

नवरदेव नीलेश, उमरोळीचा. तारापूर एमआयडीसीत मखमल बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. दागिन्यांच्या डबीत आतून काळी मऊ मखमल असते ना, ती. साध्या कापडाला गोंद फासायचा आणि वरून विजेच्या गनने नायलॉनचा बारीक काळा चुरा सोडायचा. विजेच्या जोरावर चुऱ्यातला एकेक तंतू ताठ उभा राहून गोंदात रुततो. मग कापड भट्टीतून काढायचं. धग लागली की गोंद असा पक्का होतो की ओढलं तर कापड फाटेल, तंतू सुटणार नाही. रोज एवढं टकलं कापड नीलेशच्या डोळ्यांदेखत केसाळ होऊन जायचं, आणि नीलेश टोपी सरळ करून पुढच्या रोलकडे बघायचा.

त्याने सगळं करून पाहिलं होतं. माक्याचं तेल झालं, रोझमेरीचं पाणी झालं. कांद्याचा रस लावून शिफ्टला गेला की कॅन्टीनमध्ये माणसं भजी मागायची. केस दाट दिसायची, काळ्या डबीतली काळी पावडर मागवली, तीही घामाबरोबर ओघळून कानापर्यंत यायची. एकदा मॅनेजरने त्याला ऑइल गळतंय म्हणून मशीन बंद करायला लावलं होतं.

हे सगळं चाललं असतं. पण त्याला किंजल आवडली.

एडवणला तिच्या घरची पानवेलीची वाडी. ती सकाळी पानं खुडायची आणि मग बोईसरला कामावर जायची. नीलेश बघायला गेला तेव्हा तिने पोह्यांची बशी पुढे केली आणि सरळ विषयाला हात घातला.

"आजोबा, बाबा, काका. घरात तीन चकाचक डोकी हायत. एका रांगेत जेवायला बसली ना, की ट्यूब लावायची गरज नाय. मला चौथं नको. टोपी काढा बघू."

"कंपनीचा नियम हाय," नीलेश म्हणाला. "सेफ्टी."

"हितं कसली सेफ्टी?"

"सवय राहावी म्हणून."

ती हसली. त्या हसण्यावर नीलेश असा आपटला की पुन्हा उठलाच नाही. हसून झाल्यावर ती म्हणाली, "फसवलंत तर मी मांडवातनं उठून जाईन. मस्करी नाय करत."

साखरपुड्याला त्याने फेटा बांधला. घट्ट, भुवयांपर्यंत.

लग्न शुक्रवारी होतं. शुक्रवारी एमआयडीसी बंद. सकाळी हळदीचं अंग धुऊन नीलेश आईला "आलो" म्हणाला आणि थेट कंपनीत पोचला. गनवर काम करणारा सुजीत चावी घेऊन उभाच होता. सुजीत म्हणजे एकदम जिवाचा दोस्त, म्हणजे अक्कल गहाण ठेवून मदत करणारा.

"आधी ट्रायल," सुजीत म्हणाला. त्याने सोललेल्या नारळाला गोंद लावला, गन चालवली. नारळ अस्वलाच्या पिल्लासारखा होऊन बाहेर आला. सुजीतने त्याला भांग पाडून दाखवला.

नीलेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला पण असाच. डाव्या बाजूने."

"बस खाली. कापडाला अर्थिंग लागतं, तुला पण लागेल. ही तार दातात धर."

पहिल्या झटक्यात नीलेश स्टुलावरून उडाला आणि गोंदाच्या रिकाम्या पिंपात डोकं खाली, पाय वर असा जाऊन अडकला. दुसऱ्या झटक्यात जीभ चावली गेली. तिसऱ्याला कुठून तरी जळका वास आला, आणि दोघांनीही कुठून ते विचारलं नाही. पण आरशात पाहिलं तर डोक्यावर काळंभोर, दाट, मऊ रान.

"भट्टीचं काय?" नीलेशने बोबड्या जिभेने विचारलं. शेवटी सुपरवायझर तो.

"तुला दीडशे डिग्रीत घालू? तंदुरी होशील. हा घे, बायकोचा ड्रायर आणलाय."

ड्रायरने गोंद सुकला नाही, नुसता वरवर सुकल्यासारखा झाला. दोघांनाही ते कळलं होतं. दोघंही गप्प बसले, कारण ते फार सुंदर दिसत होतं.

घरी आल्यावर आईने, शैलाने, हात तोंडावर घेतला. "अरे हे काय रे? आनि फेटा कुटं?"

"फेटा नाय बांधायचा."

"नवरदेव हायस तू!"

"आय, केस दबतील!" वर्षानुवर्षं ज्याने टोपी घालून झोप काढली तो पोरगा असं बोलला, म्हणून ती माउली देवापुढे साखर ठेवून आली.

मांडवात सगळं छान चाललं होतं. अंतरपाट सरला, किंजलने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते नीलेशला जन्मभर पुरलं असतं. ती कुजबुजली, "एवढे केस टोपीत कोंबत होतास? वेडा हायस का?" तिने हार घातला तेव्हा तिच्या शालूची जर त्याच्या केसांना लागली आणि चट् करून ठिणगी उडाली. करवल्या लाजल्या.

मग भटजींनी दोघांच्या शेल्यांची गाठ मारली आणि होम पेटवला.

आता कानपिळी. लाह्या होमात टाकायच्या, आणि नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळून बजावायचं की बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर बघ. बाकीच्या घरांत हा भाऊ शेळपट असतो, चिमटा काढतो, पाकीट घेतो, हसतो. किंजलचा भाऊ हितेश बोईसरला जिम चालवायचा. त्याचा दंड म्हणजे दुसऱ्याची मांडी. तो बाह्या सरसावून आला तेव्हा त्याच्या जिमची पोरं शिट्ट्या मारत होती.

"पिळ दादा! उखाड के हाथ में दे!"

हितेशने कान धरला. कानाला हळदीचं तेल, त्यावर मे महिन्याचा घाम. पिळायला जोर लावला तसा कान मासळीसारखा सटकला, आणि हितेशचा आख्खा पंजा नीलेशच्या केसांत घुसला. मनगटापर्यंत नाही, पण बोटं पार मुळापर्यंत.

त्याने हात मागे घेतला. हात आला नाही. डोकं आलं.

"आई गं!" नीलेश ओरडला.

शिट्ट्या वाढल्या. हितेशने पुन्हा ओढलं. पुन्हा डोकं आलं. आणि नीलेशला समोर होम दिसला. भटजी भरभरून तूप ओतत होते, ज्वाळा उंच गेल्या होत्या, धग थेट कपाळावर. सुपरवायझरने ओळखलं. ही भट्टी होती! आत्तापर्यंत ओला असलेला गोंद आता पक्का होणार होता, मेहुण्याच्या पाच बोटांसकट.

तो उठून पळाला. साहजिकच हितेश त्याच्या डोक्यामागे फरफटत गेला, आणि शेल्याच्या गाठीला बांधलेली किंजल त्या दोघांच्या मागे. बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की नवरीचा भाऊ नवरदेवाला केस धरून मांडवातून ओढत नेतोय.

"अगो माज्या पोराच्या झिंज्या उपटतोय मेला!" शैला किंचाळली.

शांताराममामांना एवढंच हवं होतं. मनोरला त्यांचं टायरचं दुकान, आणि आदल्या रात्रीपासून व्याह्यांनी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी बसायचा पाट उचलला आणि नवरीच्या बापावर, विश्रामवर, धावले. पाट कुठे बसला ते आधीच सांगितलं. विश्रामने उत्तरादाखल मामांच्या तोंडावर फुलांची परात मारली. मामांचं नाक फुटलं, गुलाबाच्या पाकळ्या लाल होत्याच, त्यामुळे रक्त लगेच दिसलं नाही.

मग कुणी कुणाला थांबवेना. जिमची पोरं उमरोळीवाल्यांवर तुटून पडली. उमरोळीवाल्यांनी खुर्च्या घेतल्या. एकाने दुसऱ्याला जिलबीच्या परातीत बसवलं, गरम पाकात, आणि बसलेल्याने उठताना जी आरोळी ठोकली तिला बँडवाल्यांनी नवीन गाणं समजून ताशा वाजवायला घेतला. वाजवणाऱ्याच्या डोक्यात ताशा घातला गेला, तेव्हा वाजायचा थांबला.

काय झालंय हे एकट्या सुजीतला कळलं होतं. तो मठ्ठ्याची बादली घेऊन होमाकडे धावला. "आग विझवा! आग विझवा आधी!"

"अग्नी विझवतोस, चांडाळा!" भटजींनी कलशावरचा नारळ उचलून त्याच्या टाळक्यात हाणला. सुजीत पडला. पडल्या जागी किंजलची आत्या दमयंती त्याच्या दंडाला चावली, कारण तो मुलाकडचा होता आणि हाताशी होता.

इकडे हितेश, नीलेश आणि किंजल एका माळेत ओवल्यासारखे मांडवभर फिरत होते.

"सोड!" हितेश ओरडला. "सोड म्हणतो ना!"

"दादा, तुमीच धरलंय!"

"मी नाय धरलं, हात सुटत नाय! काय लावलंयस डोक्याला?"

"जेल."

"जेल असतं असं?" हितेशने नाक जवळ नेऊन पाहिलं. बोटांच्या मुळाशी, तंतू जिथे उभे होते, तिथे पाहिलं. पाहतच राहिला. बाजूने एक खुर्ची गेली तरी त्याला कळलं नाही. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "भावजी. हे... लावलेलं हाय?"

"हळू बोला. मागे किंजल हाय."

"उभं कसं राहतं पण?"

"विजेने."

"पावसात टिकतं?"

नीलेशने डोळे वर करून मेहुण्याकडे पाहिलं. हितेशच्या कानशिलावरून एक काळा ओघळ दाढीत उतरत होता. असा ओघळ नीलेशने आरशात किती वेळा पाहिला होता.

"काळी डबी?" त्याने विचारलं.

"काळी डबी," हितेश पुटपुटला. "कुणाला बोलू नको. जिमच्या बोर्डावर फोटो हाय माझा." आणि लगेच पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "जिवंत गाडीन साल्याला! कोण समजतो स्वतःला!" पुन्हा हळूच, "तुमच्या कंपनीत शुक्रवारी कोण असतं?"

व्यवहार तिथेच जमला असता. पण शांताराममामा आले. नाकातून रक्त, कानात पाकळी, हातात जिलबीवाल्याचा लोखंडी झारा. त्यांच्या दोन पुतण्यांनी मागून येऊन हितेशच्या कमरेला मिठी मारली.

"धरून ठेवा त्याला," मामा म्हणाले. "मनगटच मोडतो याचं. मग बघू कुणाचे केस धरतो ते."

"मामा, नको!" नीलेश ओरडला.

"तू गप! आपल्या घराची इज्जत हाय!"

झारा वर गेला. नीलेशला कळलं की एकच वाक्य बोलायचं आहे, आणि ते बोललं की मागच्या गाठीला बांधलेली मुलगी उठून जाणार. तिने मस्करी केली नव्हती. झारा खाली यायला लागला.

"चिकटलाय तो!" तो बोंबलला. "धरलं नाय, चिकटलाय! माझे केस खोटे हायत! कंपनीची मखमल हाय!"

मामांनी ऐकलं, पण टायरवाल्याचा हात एकदा सुटला की सुटला. नीलेशने स्वतःचा डावा हात मध्ये घातला. कडकन आवाज झाला, ओल्या फांदीसारखा. त्याचं मनगट भलत्याच दिशेला वाकलं आणि तो गुडघ्यांवर बसला. अर्थात हितेशही बसला.

मामांच्या हातून झारा पडला. एवढ्या भागापुरती शांतता झाली. पलीकडे विश्राम आणि उमरोळीचा कुणीतरी एकमेकांचे सदरे फाडत होते, ते चालूच राहिलं.

किंजल समोर आली आणि तिने नीलेशच्या मुस्काटात वाजवली. दोनदा. दुसरीच्या वेळी हितेशही हलला.

"कधीपास्नं?"

"आज सकाळपास्नं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी टोपी."

तिने खाली बसून शेल्याची गाठ सोडायला घेतली. ओढाताणीत गाठ दगड झाली होती. ती नखांनी ओढत होती, सुटेना तशी दातांनी. मोडका हात मांडीवर घेऊन नीलेश तिच्या हातांकडे बघत राहिला.

"किंजू, ऐक ना," हितेश म्हणाला.

तिने वर पाहिलं. "तुज्या तोंडाला काय झालं?"

"काय नाय. धूर."

तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. मग आणखी वर पुसलं. आणखी वर. पदर काळा झाला आणि मांडवातला दिवा हितेशच्या टाळूत दिसायला लागला.

"दादा! तू पन?"

जिमच्या एका पोराने खुर्ची खाली ठेवली. त्याला मारामारीतही एवढं लागलं नव्हतं.

किंजलने एकदा एकाकडे, एकदा दुसऱ्याकडे पाहिलं. मग नीलेशला म्हणाली, "हात कशाला घातलास मधी?"

"त्याचं मनगट मोडलं असतं. जिम हाय त्याची."

"आनि तुजं काम?"

"मला नुसतं बोटाने दाखवायचं असतं. दुसरा हात हाय की."

ती हसली नाही. नाक ओढलं आणि हात मागे केला. "आत्या, तुजं नख दे."

दमयंतीआत्याने सुजीतचा दंड सोडला, तोंड पुसलं आणि कमरेची चंची उघडली. पानं खुडताना अंगठ्यात घालायचं पत्र्याचं धारदार नख ती मयतालासुद्धा घेऊन जायची. किंजलने ते अंगठ्यात चढवलं आणि पानाचा देठ कापावा तसं भावाचं बोट आणि नवऱ्याची टाळू यांच्यामधून कापत निघाली. प्रत्येक बोटाला थोडं रक्त आलं, कधी याचं, कधी त्याचं.

"आई गं! ते खरे हायत!"

"कुटले?"

"ते, कानामागचे."

"हे चार?"

"हळू ना!"

"गेले," किंजल म्हणाली.

शेवटचं बोट सुटलं तेव्हा नीलेशच्या डोक्यावर रक्ताळलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी उरलं होतं. हितेशच्या तळहातावर मात्र सुरेख काळी मखमल होती. त्याने ती दोन-तीनदा गालावर फिरवून पाहिली.

"भटजी कुटं गेले?" किंजलने विचारलं.

भटजी आहेराच्या टेबलाखाली होते, दुसरा नारळ घेऊन. "पुढे... पुढे करायचं आहे का?" त्यांनी तिथूनच विचारलं. "सप्तपदी झालेली नाही. म्हणजे अजून, तसं बघायला गेलं तर, काही बिघडलेलं नाही."

"अर्ध्या वाटेत बंद पडायला मी काय एसटी हाय?" किंजल म्हणाली. नीलेशला तिने उजव्या दंडाला धरून उठवलं. "पन ऐक. घरात टोपी नाय घालायची."

"नाय."

"गोंद नाय, पावडर नाय, कांदा नाय."

"कांदा पण नाय?"

"जेवनात."

"बरं."

"आनि मी रागावलेली हाय. ते चालू राहील."

"चालेल," नीलेश म्हणाला. त्याला घेरी येत होती, हाताने की आनंदाने ते त्याला कळेना.

भटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. त्यातल्या दोन लगेच कुणाच्या तरी पायाखाली गेल्या, पुन्हा मांडल्या. किंजलने ओला टॉवेल पिळून नवऱ्याच्या डोक्याला बांधला, कारण उरलेल्या गोंदाचा भरवसा नव्हता. नवरीच्या भावाने काळ्या मखमली तळव्याने लाह्या ओतल्या, जरा जपूनच.

पलीकडे मामा आणि विश्राम पुन्हा जुंपले होते. कशावरून ते आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण अर्धवट सोडायची दोघांचीही तयारी नव्हती. कुणीतरी पंख्याचा स्टँड उपटला होता. मठ्ठ्याचं दुसरं पिंप आडवं झालं होतं आणि त्यात घसरून माणसं आपोआप पडत होती, मारायची गरज उरली नव्हती. भटजी एक डोळा तिकडे ठेवून मंत्र म्हणत होते.

एक पाऊल झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला नीलेश कळवळला, कारण ती ओढून नेत होती तो नेमका मोडक्या हाताच्या बाजूचा शेला होता. चौथ्याला ती जरा हळू चालली.

पाचव्या राशीवर त्याने पाय ठेवला आणि मागून लाल प्लास्टिकची खुर्ची गरगरत आली.

"वाक," किंजल म्हणाली, आणि गाठीला हिसका देऊन त्याला स्वतःबरोबर खाली घेतलं. खुर्ची दोघांच्या डोक्यावरून जाऊन भटजींना लागली.

भटजी उठून बसेपर्यंत ती दोघं तशीच वाकून राहिली, तिचा हात त्याच्या ओल्या टॉवेलावर.

"आता सहावं," ती म्हणाली. "पटकन उचल."